रूट कॅनलचे एक्स-रे: कोणता, कधी आणि कुठल्या कोनातून

दाढ ठणकणारा पेशंट खुर्चीत बसला की नवीन डॉक्टरचा हात आधी आरव्हीजीच्या (डिजिटल एक्स-रेच्या) सेन्सरकडे जातो. एक्स-रेवर दुखणं दिसत नाही, हे त्या घाईत विसरायला होतं. पल्प (दाताच्या आतला नसांचा मऊ गाभा) सुजलेला असो, मेलेला असो वा ठणठणीत असो, पडद्यावर तो सारखाच, एक काळसर पोकळी. दिसतात ते परिणाम: कीड किती खोल गेलीय, मुळाच्या टोकाशी हाड विरघळलंय का, कॅनल (मुळातल्या नळ्या) किती आहेत आणि कुठे वळलेत. म्हणून आधी विचारपूस, मग गार चाचणी (शेजारच्या चांगल्या दातावर करून मगच दुखऱ्या दातावर), ठोकून पाहणं, हिरडी दाबून पाहणं, प्रोबने पॉकेट मोजणं. एवढ्यातून जो प्रश्न उरेल, तो एक्स-रेला विचारायचा. प्रश्न न ठरवता काढलेला फोटो बहुतेक वेळा दुसऱ्यांदा काढावा लागतो.

इंटर्नशिप करणारे, नुकतं क्लिनिक टाकलेले आणि त्यांचे असिस्टंट यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उदाहरणाला ३६ नंबर घेऊ, म्हणजे खालची डावी पहिली दाढ. वयाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात येते, दुधाचीच समजून घरच्यांचं तिच्याकडे लक्ष नसतं, आणि किडते.

किती एक्स-रे लागतात

सरळ चाललेल्या केसमध्ये पाच: सुरुवातीचे दोन (एक सरळ, एक तिरपा), वर्किंग लेंथचा (कॅनलमध्ये किती आत जायचं त्या मापाचा) एक, मास्टर कोनचा (कॅनल भरायची मुख्य कांडी बसवून पाहण्याचा) एक आणि काम संपल्यावरचा एक. त्यानंतरचे फॉलो-अपचे वेगळे.

“डॉक्टर, इतके एक्स-रे चालतात ना?” हे पेशंट विचारतोच, आणि “काही होत नाही हो” हे उत्तर पुरेसं नाही. आकड्यात सांगा. एका आयओपीएचा (मुळाच्या टोकापर्यंत दात दाखवणाऱ्या छोट्या फोटोचा) प्रभावी डोस साधारण १ ते ८ मायक्रोसीव्हर्ट असतो. माती, हवा, आकाश, अन्न यांतून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे रोजचे साडेसहा मायक्रोसीव्हर्ट. पाच फोटो म्हणजे फार तर आठवडाभर जगण्याइतकं. गरोदर बाईचा दात ठणकत असेल तर गरजेचा फोटो काढायला हरकत नाही. जो पुढे ढकलता येतो, तो ढकला.

मशीन, अंतर, कागदपत्र

भारतात दातांचं एक्स-रे मशीन वापरण्याआधी एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, ई-लोरा पोर्टलवरून नोंदणी करावी लागते. मशीनला टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला एईआरबीची मान्यता) आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या हातात धरायच्या मशीनच्या बाबतीत हे जास्तच पाहायचं. किरण सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी गोल पारदर्शक शील्ड नसेल तर उलट फिरणारे किरण थेट तुमच्या बोटांवर आणि मानेवर येतात.

भिंतीवरच्या मशीनला ६० ते ७० केव्ही आणि ७-८ एमए ही नेहमीची सेटिंग. सेन्सरला दातानुसार ०.१ ते ०.३ सेकंद पुरतात, फिल्मला त्याहून बरेच जास्त लागतात. वरच्या दाढांना सर्वांत जास्त वेळ, खालच्या पुढच्या दातांना सर्वांत कमी. फोटो वाळू टाकल्यासारखा दाणेदार आला तर एक्स्पोजर कमी पडलंय. हाडाची पातळ कडा काळ्यात गडप झाली तर जास्त झालंय. ब्राइटनेस ओढून हे दुसरं दुरुस्त होत नाही. जी माहिती सेन्सरवर आलीच नाही, ती सॉफ्टवेअर कुठून आणणार?

बटण दाबताना ट्यूबपासून किमान सहा फूट लांब, आणि किरणांच्या दिशेशी ९० ते १३५ अंशांच्या कोनात उभं राहायचं. लेड एप्रन आणि थायरॉइड कॉलर आपल्याकडे वापरतात, वापरत राहा. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये त्यांची गरज नसल्याचं जाहीर केलं, पण ते किरणांचा झोत आयताकृती कोलिमेटरने नीट आवळलेला असेल या हिशोबाने. आपल्याकडच्या मशीनच्या बहुतेक नळ्या अजून गोल आहेत.

फिल्म किंवा सेन्सर डॉक्टरने वा असिस्टंटने बोटाने धरायचा नाही, कधीच नाही. न्यू ऑर्लिन्सच्या सी. एडमंड केल्स यांनी १८९९ मध्येच रूट कॅनलच्या कामात एक्स-रे वापरला होता. त्या काळी मशीन जुळवण्यासाठी स्वतःचा हात किरणांसमोर धरायची पद्धत होती. केल्स यांची आधी बोटं गेली, मग हात.

सेन्सर कुठे आणि कसा

दोन पद्धती आहेत. पॅरलल पद्धतीत सेन्सर दाताच्या लांबीला समांतर आणि किरण दोघांवर काटकोनात. त्यासाठी होल्डर लागतो. बायसेक्टिंग पद्धतीत सेन्सर दाताला तिरका टेकतो आणि दात व सेन्सर यांच्यामधल्या कोनाचा दुभाजक धरून त्यावर किरण काटकोनात सोडायचे. पहिली अचूक, दुसरी अंदाजाची. रूट कॅनलमध्ये एकेक मिलिमीटरचा हिशोब असल्यामुळे शक्य तिथे पॅरललच करा. होल्डर घ्यायला पैसे नाहीत आणि रिटेक काढायला मात्र वेळ आहे, असं बऱ्याच क्लिनिकमध्ये चालतं.

बायसेक्टिंग करावंच लागलं तर ट्यूबचे उभे कोन साधारण असे ठेवा. वर: पटाशीचे दात +४०, सुळा +४५, उपदाढा +३०, दाढा +२०. खाली: पटाशीचे –१५, सुळा –२०, उपदाढा –१०, दाढा –५. वरच्या दातांसाठी नाकपुडीपासून कानापर्यंतची रेषा जमिनीला समांतर. खालच्यांसाठी पेशंटची मान जरा मागे, म्हणजे तोंड उघडल्यावर खालच्या दातांची चावण्याची पातळी जमिनीला समांतर होते.

३६ साठी सेन्सर दाताला चिकटवू नका. जीभ आणि दात यांच्यामधली खोल जागा जिभेच्या बाजूला असते. सेन्सर तिरका आत नेऊन जिभेच्या बाजूने खाली सरकवा आणि पेशंटला हळूहळू तोंड मिटायला सांगा. तोंड सताड उघडं असताना तिथला स्नायू ताणलेला असतो, म्हणून सेन्सर टोचतो आणि वर ढकलला जातो. मिटताना स्नायू सैल पडतो आणि सेन्सर चार-पाच मिलिमीटर सहज खाली उतरतो. “एपेक्स (मुळाचं टोक) येतच नाही” या तक्रारीतल्या निम्म्या इथेच मिटतात.

उमासे येणाऱ्या पेशंटच्या बाबतीत आधी ट्यूब लावा, टायमर लावा, सॉफ्टवेअर तयार ठेवा, आणि सेन्सर सर्वांत शेवटी आत घाला. नाकाने श्वास घ्यायला आणि एक पाय हवेत उचलून धरायला सांगा. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ही जुनी युक्तीही चालते.

फोटो पास कधी म्हणायचा? पूर्ण दात दिसतोय, मुळाच्या टोकापलीकडे किमान २-३ मिमी हाड दिसतंय, हाडात काळा डाग असेल तर त्याची कडा सगळीकडून दिसतेय, आणि शेजारच्या दातांचे संपर्कबिंदू एकमेकांवर चढलेले नाहीत. यातलं एपेक्सचं चुकलं तर पुन्हा काढा. बाकीचं थोडं चुकलं असेल तर प्रश्नाचं उत्तर मिळालं का ते पाहा. मिळालं असेल तर सुंदर फोटोसाठी पेशंटला आणखी किरण देऊ नका.

वाचायचं कसं

नजर आधी काळ्या डागावर जाते आणि तिथेच अडकते. क्रम बांधून घ्या: मुकुट, चेंबर (मुकुटातली पल्पची पोकळी), कॅनल, मुळाची बाहेरची कड, लॅमिना ड्यूरा (मुळाभोवतीची हाडाची पांढरी रेघ), हाड, मग शेजारचे दात.

मुकुटात कीड आणि जुनी फिलिंग पाहा. कीड पल्पपर्यंत गेलीय का, हे आयओपीएपेक्षा बाइटविंगवर (दात मिटून काढलेल्या, वरखालचे मुकुट दाखवणाऱ्या फोटोवर) नीट कळतं. दात पुन्हा बांधता येईल का हेही तिथेच ठरतं. कीड हाडाच्या पातळीखाली उतरली असेल तर आरसीटी (रूट कॅनल ट्रीटमेंट) करून उपयोग काय, याचा विचार आधी करा. चेंबरसाठी कस्पच्या (दाढेवरच्या उंचवट्याच्या) टोकापासून छतापर्यंतचं अंतर मोजा आणि हँडपीसमधल्या बरशेजारी (दात कोरायच्या टोकाशेजारी) धरून बघा. चेंबर आकसलेला असेल, आत पल्प स्टोन असेल, तर छत आणि तळ जवळजवळ टेकलेले असतात. तिथे बर “आत पडल्याचा” तो ओळखीचा झटका येणारच नाही. त्याची वाट पाहत खाली गेलात की तळाला भोक.

कॅनल वरून खाली धरत जा. मध्येच अचानक पुसट झाला तर समजा तिथे तो दोनात फुटला. खालच्या उपदाढांत हे नेहमीचं. मुळाच्या एकाच बाजूला पीडीएलच्या (मूळ आणि हाड यांच्यामधल्या पातळ थराच्या) दोन रेषा समांतर दिसत असतील तर एकामागे एक दोन पृष्ठभाग आहेत: मूळ रुंद आणि खाचेचं आहे, किंवा मुळं दोन आहेत. ३६ मध्ये डिस्टल (मागच्या) बाजूला जिभेकडे तिसरं मूळ असू शकतं, तेही अशाच रेषेने ओळखू येतं. एखादी फाइल (कॅनल साफ करायची बारीक सुई) मुळाच्या मधोमध न दिसता एका कडेला दिसली तर दुसऱ्या कडेला सापडायचा कॅनल शिल्लक आहे.

मग हाड. बेंडर आणि सेल्टझर यांनी १९६१ मध्ये दाखवलं की हाडाच्या आतल्या जाळीदार भागात जखम असली तरी बाहेरची घट्ट भिंत खाल्ली जाईपर्यंत ती फोटोत दिसत नाही. खनिजाचा ३० ते ५० टक्के ऱ्हास व्हावा लागतो. म्हणजे ठोकल्यावर पेशंट ओरडतोय, गार चाचणीला काहीच उत्तर नाही आणि फोटो स्वच्छ, तर चाचणीवर विश्वास ठेवा.

उलटही होतं. खालच्या उपदाढेच्या टोकाशी गोल काळा डाग दिसतो आणि दात मात्र जिवंत असतो. ते मेंटल फोरामेन, म्हणजे नस बाहेर पडायचं हाडातलं भोक, आहे. वरच्या पुढच्या दातांमध्ये इन्सिसिव्ह फोरामेन असंच फसवतं. तिरपा फोटो काढा. डाग टोकापासून सरकला आणि लॅमिना ड्यूरा अखंड दिसली तर तो दाताचा नाही. खालच्या पुढच्या दातांच्या टोकांशी असे तीन-चार डाग आणि सगळे दात गारला उत्तर देतायत, तर सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेझियाची (पल्पशी संबंध नसलेल्या हाडातल्या बदलाची) सुरुवात असू शकते. तिथे आरसीटी करायची नसते.

हिरडीवर पुवाचं तोंड असेल तर अंदाज करत बसू नका. २५ किंवा ३० नंबरचा गटापर्चा कोन (कॅनल भरायची रबरासारखी निमुळती कांडी) त्या तोंडातून अडेपर्यंत हळूच सारा आणि फोटो काढा. कोन ज्या मुळाशी जाऊन थांबतो, ते मूळ दोषी. पुवाचं तोंड एका दातासमोर आणि मूळ दोषी शेजारच्याचं, असं बऱ्याचदा निघतं. डाग मुळाच्या टोकाला वळसा घालून एका बाजूने वर चढत असेल, इंग्रजी जे अक्षरासारखा, आणि प्रोब तिथेच एका अरुंद जागी खोल जात असेल, तर उभ्या फ्रॅक्चरचा संशय घ्या. रेघ क्वचितच दिसते.

तिरपा फोटो आणि एसटीची खिडकी

फोटो हा सावलीचा खेळ. गालाकडचा आणि जिभेकडचा कॅनल सरळ फोटोत एकावर एक पडतात. ट्यूब आडव्या दिशेने २० अंश सरकवली की ते सुटे होतात. कुठला कुठला, हे ओळखायचा नियम सी. ए. क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडला, तोही न उगवलेले दात शोधण्यासाठी. परीक्षेत तो “एसएलओबी” (सेम लिंग्वल, ऑपोझिट बकल) म्हणून पाठ करतात आणि खुर्चीजवळ उलटा आठवतात.

एसटीच्या खिडकीतून बाहेर बघितल्याचं आठवा. जवळची झाडं मागे पळतात, लांबचा डोंगर आपल्यासोबत चालतो. ट्यूब म्हणजे खिडकीत बसलेले तुम्ही. गालाकडचा (बकल) कॅनल ट्यूबच्या जवळ, तो झाड. जिभेकडचा (लिंग्वल) लांब, तो डोंगर. ट्यूब मेझियलला, म्हणजे पुढच्या दातांच्या दिशेला, सरकवली तर लिंग्वल कॅनल तिच्यासोबत मेझियलला येतो आणि बकल डिस्टलला पळतो. ३६ च्या मेझियल मुळात दोन फाइल असतील तर अशा फोटोत पुढची फाइल मेझिओलिंग्वलची, मागची मेझिओबकलची.

वरच्या पहिल्या दाढेत हाच नियम वेगळ्या कामी येतो. तिथे पॅलेटल, म्हणजे टाळूकडचं, मूळ हा डोंगर. ट्यूब डिस्टलकडून आणली की ते मागे सरकतं आणि मेझिओबकल मूळ मोकळं होतं. त्यातला दुसरा कॅनल, आपला एमबी-टू, शोधायला हा कोन बरा. ३० अंशांपुढे जाऊ नका, शेजारचा दात वर चढतो आणि सगळंच धूसर होतं. कुठल्या बाजूने आणि किती सरकवली ते कार्डावर लिहा: “३६, मेझियल २०”. न लिहिलेला तिरपा फोटो दोन दिवसांनी कुणालाच वाचता येत नाही.

वर्किंग लेंथ, आकड्यांसह

आधी सॉफ्टवेअर कॅलिब्रेट करा. सेन्सर कंपनीचं मोजमाप बरोबरच असतं असं धरू नका; कॅनलमधल्या फाइलची स्टॉपरपासून टोकापर्यंतची लांबी आपल्याला ठाऊक असते, तीच मोजपट्टी. वळलेल्या कॅनलमध्ये दोन टोकांत सरळ रेषा ओढू नका. वळणावर चार-पाच बिंदू देत मोजा.

समजा सुरुवातीच्या फोटोत ३६ चं मेझियल मूळ मेझिओबकल कस्पपासून २१ मिमी भरलं. फोटो थोडाफार लांबवतोच, म्हणून १ मिमी वजा: २०. कस्पचं टोक कमजोर असेल तर आताच सपाट करून घ्या. नंतर ते तुटलं की सगळी मापं गेली. दोन्ही मेझियल कॅनलमध्ये १५ नंबरची फाइल २० वर. ८ आणि १० नंबरच्या फाइलचं टोक सेन्सरवर इतकं बारीक दिसतं की फाइल आहे त्यापेक्षा आखूड वाटते आणि माणूस आणखी खाली ढकलतो. एका कॅनलमध्ये के-फाइल आणि दुसऱ्यात एच-फाइल घातली तर धाग्यांच्या फरकावरूनच कुठली कुठली ते कळतं. एपेक्स लोकेटर (मुळाचं टोक विजेवर शोधणारं यंत्र) असेल तर आधी त्याचं माप घ्या आणि फोटो पडताळणीसाठी ठेवा.

ट्यूब मेझियल २० वर. फोटोत मागची फाइल, म्हणजे मेझिओबकल, मुळाच्या टोकाच्या १.५ मिमी अलीकडे दिसली. २० अधिक १.५ म्हणजे २१.५, त्यातून १ वजा, वर्किंग लेंथ २०.५. पुढची, मेझिओलिंग्वल, अर्धा मिमी अलीकडे: २०.५ मधून १ वजा, १९.५. फाइल बाहेर गेलेली दिसली तर जितकी बाहेर, तितकं वजा आणि वर आणखी १. फरक ३ मिमीपेक्षा जास्त निघाला तर हिशोबावर जाऊ नका. फाइल दुरुस्त करा आणि फोटो पुन्हा काढा, कारण एवढं मोठं अंतर फोटोत प्रमाणात राहत नाही.

हा १ मिमी कशासाठी? कॅनल सर्वांत अरुंद होतो ती जागा मुळाच्या टोकावर नसते, साधारण अर्धा ते एक मिमी आत असते, आणि कॅनलचं बाहेरचं तोंडही अनेकदा टोकाच्या बाजूला सरकलेलं असतं. कुट्लर यांनी १९५५ मध्ये हे मोजून मांडलं. टोकाशी हाड झिजलं असेल तर १ ऐवजी १.५ मिमी आणि मूळही झिजलं असेल तर २ मिमी वजा करतात.

लोकेटर एक सांगतो आणि फोटो दुसरंच, तेव्हा काय? आधी लोकेटरची गैरसोय दूर करा: चेंबर कोरडं, फाइल धातूच्या क्राउनला वा जुन्या अमालगमला टेकलेली नाही, लाळ शिरत नाही. तरीही लोकेटर स्थिरपणे “एपेक्स” दाखवतोय आणि फोटोत फाइल २ मिमी अलीकडे, तर कॅनलचं तोंड गालाकडे वा जिभेकडे उघडत असेल. ते वळण सरळ फोटोत दिसतच नाही. वरच्या दाढेच्या पॅलेटल मुळाचं टोक बऱ्याचदा गालाकडे वळतं. फोटोत मूळ सरळ दिसतं, फाइल आत वाटते, प्रत्यक्षात ती बाहेर. इथे लोकेटरचं ऐका.

रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) काढायचा नाही. प्लॅस्टिकची फ्रेम घ्या, धातूची फोटोत येते. डॅमचा एक कोपरा फ्रेमवरून सोडवा, सेन्सर तिथून आत. फाइलच्या मुठींमुळे पेशंटला चावता येत नाही, म्हणून टोपलीसारखी पोकळी असलेला एंडो होल्डर वापरा. तो नसेल तर फिल्म आर्टरी फोर्सेप्समध्ये पकडून मूठ पेशंटच्या हातात द्या. बोटाने दाबलेली फिल्म वाकते आणि मुळाचं टोक ओढल्यासारखं लांबट येतं. सेन्सरच्या वायरवर पेशंट चावणार नाही, एवढं असिस्टंटने पाहायचं. वायर गेली की सेन्सर गेला.

मास्टर कोन

वेळ वाचवायला लोक हा फोटो टाळतात. टाळायचाच असेल तर दुसरा कुठलाही टाळा. सीलर (फटी बुजवणारं सिमेंट) जाण्याआधी चूक पकडायची ही शेवटची संधी.

कोन मापावर बसला, काढताना हलकी ओढ लागली, फोटोत टोकाच्या अर्धा ते एक मिमी अलीकडे: पुढे जा. अलीकडेच थांबला तर आत भुसा साचलाय किंवा पायरी पडलीय. १० नंबरची फाइल टोकाला किंचित वाकवून मापापर्यंत न्या, धुवा, पुन्हा बसवा. बाहेर गेला तर टोकाकडून अर्धा-एक मिमी कापा किंवा एक नंबर मोठा घ्या. कापलेला कोन पुन्हा फोटोत पाहा. कोनचं टोक नागमोडी दिसलं तर तो कॅनलला बारीक आहे, दाबून दुमडलाय. मापाला बरोबर आणि कामाला निरुपयोगी.

भरल्यानंतर

हा फोटो डॅम काढून, होल्डर लावून, पॅरलल पद्धतीने काढा, कारण वर्षभराने याच्याशीच तुलना करायची आहे. भराई टोकापासून ० ते २ मिमीच्या आत, कडेपर्यंत घट्ट, मध्ये काळ्या फटी नाहीत, एवढं पाहा. स्योग्रेन आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या अभ्यासात मेलेला पल्प आणि टोकाशी जखम असलेल्या दातांत या २ मिमीच्या आत भरलेली मुळं ९४ टक्के बरी झाली. बाहेर गेलेली ७६ टक्के, जास्त आखूड राहिलेली ६८ टक्के. टोकाबाहेर सीलरचा छोटा ठिपका निघाला तर काळजी नको. गटापर्चाची शेपूट निघाली तर हवी.

सरळ फोटोत सुबक दिसणारी भराई तिरप्या फोटोत पोकळ निघू शकते. शंका असेल तर इथेही एक तिरपा घ्या.

फोटो बिघडतो तो असा

दात लांबट: उभा कोन कमी पडला. दात बुटका: कोन जास्त झाला. संपर्कबिंदू एकमेकांवर: आडवा कोन चुकला. कोपऱ्यात गोल कापल्यासारखा पांढरा भाग: मशीनची नळी सेन्सरच्या मधोमध नव्हती. वरच्या दाढांच्या टोकांवर पांढरा पट्टा: गालाचं हाड आड आलं, उभा कोन कमी करा किंवा होल्डर लावा. फिल्मवर फिकट फोटो आणि टायरच्या नक्षीसारखे ठसे: फिल्म उलटी. उठलेला ठिपका नेहमी ट्यूबकडे आणि चावण्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे तो एपेक्सवर येत नाही. फॉस्फर प्लेट उलटी पडली तर फोटो आरशातला येतो, आणि हे जास्त धोक्याचं, कारण तो बरोबरच वाटतो. सगळी फिल्म काळपट: उन्हाळ्यात डेव्हलपर तापलाय. पाच मिनिटांचा हिशोब २० अंश सेल्सिअसचा आहे, मे महिन्यातल्या नागपूरचा नाही.

सीबीसीटी कधी

सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅन. सुरुवातीलाच नाही. आयओपीए दोन कोनांतून काढूनही उत्तर मिळत नसेल तर, आणि तेही लहान फील्डचं. जुन्या आरसीटीत सुटलेला कॅनल, मुळाची आतून वा बाहेरून झीज, विचित्र रचना, नस किंवा सायनसजवळची शस्त्रक्रिया, ही योग्य कारणं. उभ्या फ्रॅक्चरची रेघ शोधायला पाठवताना जपून: गटापर्चा आणि धातूच्या पोस्टमुळे पट्टे उमटतात आणि नसलेली चीर दिसू लागते.

फॉलो-अप

पहिला फोटो सहा महिन्यांनी, दुसरा वर्षाने. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीच्या सूचनांनुसार वर्षाचा फोटो किमान हवाच, आणि डाग पूर्ण गेला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवायचं. तीन महिन्यांनी काढलेल्या फोटोत डाग तसाच दिसतो, पेशंट घाबरतो, डॉक्टर त्याहून जास्त. तेव्हा दुखत नसेल तर काढूच नका. मोठी जखम भरतानाही टोकाशी थोडा डाग व्रणासारखा कायम राहू शकतो. वाढत नसेल, दात ठोकल्यावर शांत असेल, हिरडी स्वच्छ असेल, तर त्याला हात लावू नका.

तुलना एकाच कोनातल्या फोटोंची करायची. उभा कोन दहा अंशांनी बदलला तर तोच डाग बरा झालेला किंवा वाढलेला भासतो. म्हणून कामाच्या दिवशीच कार्डावर चार गोष्टी लिहून ठेवा: होल्डर कुठला, ट्यूबचा कोन, केव्ही आणि वेळ, सेन्सर आडवा की उभा. फाइल सेव्ह करताना मूळ प्रत जशीच्या तशी ठेवा, शार्पन केलेली वेगळी. शार्पन केल्यावर भराईच्या कडेला एक काळी रेघ उमटते, ती फट नसते. वर्षाने तीच पाहून कुणीतरी चांगली आरसीटी उकरायला घेतं.